वणवा आणि पाणवठे : जुन्या कागदांवरून जलस्थळांचा नकाशा

( १ )

मराठी अमदानीच्या इनामपत्रांत ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप’ हीं पदें ज्यानें शंभर वेळां वाचलीं नाहींत असा कागदपत्रांचा संग्राहक विरळा. लेखनाचा ठरीव सांचा म्हणून आपण त्यांवरून दृष्टि सरकवितों आणि इनामदाराचें नांव, तिथि व शिक्का यांकडे वळतों. तथापि या सांच्यांतील पहिल्या चार पदांपाशीं किंचित् थांबणें फायद्याचें आहे. तरु, तृण व काष्ठ हे तीन पेटणारे पदार्थ. आणि त्यांच्या अगोदर, मालिकेच्या अग्रस्थानीं, जल. दान देणाराच्या मनांत अग्नीचा विचार होता असें आम्ही म्हणत नाहीं. त्याला गांवावरील हक्कांची यादी तेवढी पुरी करावयाची होती. परंतु गांवच्या शिवारांत जळणारें काय आहे आणि विझविणारें काय आहे, यांचा एकत्र उल्लेख त्या यादींत सहज होऊन गेला आहे, हें मात्र खरें.

प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांस माघापासून वैशाखापर्यंत दरसाल वणवे लागतात. गवताच्या गंज्या, गुरांचे गोठे, आंब्याकाजूच्या बागा त्यांत सांपडतात. केव्हां केव्हां वस्तीच्या कुंपणापर्यंत आग येऊन भिडते. अशा वेळीं जवळांत जवळ पाणी कोठें आहे, हें ठाऊक असणें आणि नसणें यांतील अंतर म्हणजे पुष्कळदां गोठा वांचणें आणि न वांचणें यांतील अंतर असतें. ही माहिती मुख्यतः दोन ठिकाणीं उरली आहे : गांवांतील वृद्धांच्या स्मरणांत आणि जुन्या दप्तरांत. पहिलें ठिकाण दरवर्षीं ओसरत आहे. दुसरें रुमालांत बांधलेलें आहे. हे रुमाल सोडून त्यांतील पाण्याच्या नोंदी नकाशावर उतरविल्या पाहिजेत, आणि हें काम जुने कागद वाचणारांवांचून दुसऱ्या कोणाकडून नीट व्हावयाचें नाहीं, असें आमचें म्हणणें आहे. त्याची उपपत्ति पुढें मांडतों.

( २ )

आगीचें भय मराठी राज्यकर्त्यांस किती होतें हें पाहण्यास दोन लेख पुरेसे आहेत. दोन्ही वाचकांच्या चांगल्या परिचयाचे आहेत. म्हणून त्यांतील मजकूर उतरून न घेतां केवळ आशय सांगतों.

पहिला लेख म्हणजे शिवछत्रपतींनीं चिपळुणाजवळ छावणीस असलेल्या पागेच्या जुमलेदार, हवालदार व कारकून यांस लिहिलेलें पत्र. इ. स. १६७४ च्या राज्याभिषेकापूर्वीच्या उन्हाळ्यांतील हें पत्र राजवाड्यांनीं प्रसिद्ध केल्यापासून रयतेस उपद्रव न देण्याच्या आज्ञेचा उत्तम नमुना म्हणून सर्वत्र सांगितलें जातें. त्याचा आगीविषयींचा भाग आमच्या प्रस्तुत कामाचा आहे. पावसाळ्यासाठीं दाणागवत सांठविलें आहे. कोणी भलत्याच ठिकाणीं चुली पेटवील, कोणी चिलमीसाठीं विस्तव घेऊन गवताजवळून जाईल, कोणी रात्रीं दिवा तसाच ठेवील आणि उंदीर जळती वात ओढून नेतील. एक ठिणगी पडली कीं सारें गवत गेलें, आणि गवत गेलें कीं पागा बुडाली. मग कोणास कितीही शासन केलें तरी गवत परत मिळावयाचें नाहीं, असा त्याचा सारांश आहे. येथें लक्षांत घेण्याची गोष्ट ही कीं, आग लागल्यावर काय करावें याचा विचार या भागांत नाहीं. आग लागूंच नये यावर सारा भर आहे. वाळल्या गवताची आग एकदां पसरली म्हणजे घागरींनीं आटोपत नाहीं, हें महाराजांस अनुभवानें पक्कें ठाऊक असावें असें दिसतें.

दुसरा लेख रामचंद्रपंत अमात्यांचें आज्ञापत्र. हें इ. स. १७१५-१६ च्या सुमाराचें. त्यांतील दुर्गप्रकरणांत पाण्यास पहिला मान आहे. गड बांधण्यापूर्वीं पाणी पाहावें. पाणी नाहीं आणि तें स्थळ तर बांधणें अवश्य आहे, असें असेल तर आधीं खडक फोडून तळीं व टाकीं करावीं. एक झरा आहे एवढ्यावर संतोष मानूं नये, कारण युद्धाच्या प्रसंगीं झरे आटतात आणि पाण्याचा खर्च वाढतो. म्हणून राखीव पाण्याची वेगळी तजवीज असावी, असा त्याचा अभिप्राय आहे. याच प्रकरणांत दारूखाना वस्तीपासून अलग ठेवण्याची ताकीद आहे, आणि गडावरचा केरकचरा जागजागीं जाळून त्या राखेवर परसांत भाजीपाला करावा अशी सूचनाही आहे. उघड्या रानांत वाळला पाला सांचूं न देतां तो माणसाच्या देखरेखीखालीं जाळावा, हा या सूचनेचा आनुषंगिक लाभ आहे.

परंतु याच आज्ञापत्रांत गडाखालची कलारग्याची झाडी प्रयत्नानें वाढवावी व तींतील काठीही तोडूं देऊं नये, असेंही सांगितलें आहे. शत्रूस वाट मिळूं नये हा त्याचा हेतु. त्याचा परिणाम असा कीं, गडाच्या माथ्यावर पाणी आणि गडाच्या कमरेस दाट इंधन, अशी रचना महाराष्ट्रांतील बहुतेक डोंगरी किल्ल्यांची झाली. राज्य होतें तोंपर्यंत मेटेकरी त्या रानांत पहाऱ्यास असत. वणवा लागल्यास प्रथम त्यांच्या दृष्टीस पडे. मेटीं उठलीं, झाडी, आणि जेथें झाडी गेली तेथें गवत, मागें राहिलें.

सारांश, पहिल्या लेखांत आग आहे पण पाणी नाहीं. दुसऱ्यांत पाणी आहे, परंतु तें मुख्यतः पिण्यासाठीं व वेढ्यासाठीं आहे. रानच्या आगीस गडाचें किंवा गांवाचें पाणी कसें पोंचावें, याची नोंद या दोहोंपैकीं एकांतही नाहीं. ती करण्याचें काम पुढील पिढ्यांवर राहिलें.

( ३ )

पाणी असणें ही एक गोष्ट, आणि आगीच्या वेळीं तें हाताशीं असणें ही दुसरी. हा भेद दाखविण्यास इतिहासांतील दोन प्रसंग उपयोगी पडतात.

रायगडावर पाण्याची वाण कधींच नव्हती. गंगासागर, हत्ती तलाव, कुशावर्त, कोळिंब तळें, बारा टाकीं अशीं जलस्थळें त्या एका माथ्यावर आहेत. त्यांपैकीं गंगासागर तर राजवाड्यास लागूनच आहे. असें असतां इ. स. १८१८ च्या मे महिन्यांत इंग्रजांच्या फौजेनें गडावर तोफगोळ्यांचा मारा केला, तेव्हां लागलेल्या आगींत राजवाड्याच्या इमारती जळाल्या आणि १० मे रोजीं गड त्यांच्या हातीं गेला. भर वैशाखांत, वारा सुटलेला, लांकडी इमारती वाळून कोळ झालेल्या. अशा वेळीं शेजारचें तळें नुसतें शेजारीं राहिलें.

दुसरा प्रसंग पुण्याचा. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत कात्रजच्या तलावांतून नळ आणून शहरांतील हौदांस व शनिवारवाड्यास पाणी दिलें, आणि वाड्यांतील कारंजीं त्याच पाण्यावर उडत. इ. स. १८२८ च्या फेब्रुवारींत त्याच वाड्यास आग लागली. ती कित्येक दिवस धुमसत राहिली आणि वाड्याचे मजले भस्म झाले; तट, दरवाजे व जोतीं तेवढीं राहिलीं. ज्या वाड्यांत पाणी खेळविण्याची इतकी हौस होती, त्याची ही गति झाली. हौसेचें पाणी व आगीचें पाणी यांची व्यवस्था निराळी असते. पहिल्यास नळ व तोटी पुरते. दुसऱ्यास भांडीं, माणसें, वाट आणि अगोदर ठरलेला क्रम लागतो.

या दोन्ही आगी वणव्याच्या नव्हत, हें आम्ही जाणतों. परंतु त्यांतून निघणारा नियम वणव्यासही लागू आहे. नकाशावर निळा ठिपका मांडला म्हणजे काम संपलें असें नव्हे. तो ठिपका वैशाखांत निळा असतो काय, तेथपर्यंत हंडा घेऊन जातां येतें काय, आणि तेथून गवताच्या कडेपर्यंत किती वेळ लागतो, हें त्या ठिपक्याबरोबर लिहिलें पाहिजे. रायगडावरील हत्ती तलावाचेंच उदाहरण घ्या. विस्तारानें तो मोठा. तथापि त्यास गळती असल्यामुळें अलीकडे ती बुजविण्याचें काम होईपर्यंत पुष्कळ वर्षें त्यांत उन्हाळ्यास पाणी टिकत नसे. केवळ नकाशा पाहून चैत्रांत त्याच्यावर विसंबणारा फसला असता.

( ४ )

पाण्याच्या नोंदी कोणकोणत्या साधनांत मिळतात, याचा आतां क्रमानें विचार करूं.

सर्वांत जुनी नोंद खडकावरची. कान्हेरी, जुन्नर, नासिक येथील लेण्यांतून पाण्याच्या टाक्यांस ‘पोढि’ हा प्राकृत शब्द आला आहे. लेण्याबरोबर टाकें कोरून देणें हें स्वतंत्र पुण्यकर्म मानलें जाई आणि दात्याचें नांव टाक्यापाशीं खोदलें जाई. जुन्नर येथील एका लेखांत इरिल नांवाच्या यवनानें दोन पोढि दिल्याचें नमूद आहे. म्हणजे दोन सहस्र वर्षांपूर्वीं पाण्याचा दाता, त्याचें मूळ आणि टाक्यांची संख्या एवढें तिन्ही त्या एका ओळींत आलें. जुन्नरच्या परिसरांतील शिवनेरीवरची गंगा-जमुना हीं टाकीं किंवा चावंडावरील सप्तमातृकांच्या नांवानें ओळखलीं जाणारीं सात टाकीं पाहिलीं म्हणजे या डोंगरांतील पाण्याची रचना किती विचारपूर्वक झाली होती हें ध्यानांत येतें. हीं टाकीं बहुधा सांवलींत, उभ्या कड्याच्या पोटांत कोरलेलीं असल्यामुळें उघड्या तळ्यांपेक्षां तीं उशिरां आटतात. उन्हाळ्याच्या दृष्टीनें हा गुण मोठा आहे.

दुसरें साधन हद्दमहजर. दोन गांवांच्या शिवेचा तंटा लागला म्हणजे गोतसभेपुढें हद्द सांगतांना अमका ओढा, तमकी विहीर, उंबराखालचा झरा, डोहाच्या वरचा दगड, अशा खुणा क्रमानें सांगितल्या जात. तंट्याच्या ओघांत दोन्ही पक्षांनीं ज्या खुणा मान्य केल्या, त्या खऱ्या असण्याचा संभव अधिक. कारण खोटी खूण दुसऱ्या पक्षानें खपवून घेतली नसती. शिवेवरचें पाणी वणव्याच्या कामीं विशेष महत्त्वाचें आहे. आग शीव ओळखत नाहीं, आणि शिवेवरचें पाणी दोन्ही गांवांस सारखेंच जवळ असतें.

तिसरें साधन जमाबंदीचें. मोटस्थळ व पाटस्थळ असा बागाइताचा भेद जुन्या झाड्यांतून केलेला आढळतो. जेथें मोटस्थळ आहे तेथें विहीर असलीच पाहिजे; जेथें पाटस्थळ आहे तेथें वरच्या अंगास बंधारा किंवा बांध असला पाहिजे. पुढें इ. स. १८३६ पासून इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट यांच्या देखरेखीखालीं जी नवी पाहणी सुरू झाली, तिच्या पद्धतीनें मुंबई इलाख्यांत शेतवार मोजणी झाली, आणि विहिरींच्या पाण्यावरील जमिनी सर्व्हे नंबरांशीं जोडल्या गेल्या. जुन्या झाड्यांतील शेताचें नांव व नव्या मोजणींतील नंबर यांची गांठ घालतां आली, तर विहिरीची जागा बरीचशी निश्चित होते. ही गांठ घालणें हें मोडी वाचणाराचें काम आहे. तें कोणत्याही यंत्राचें नव्हे.

चौथें साधन धर्मादायाचे व देवस्थानचे कागद. पाणपोईस दिलेली जमीन, बारवेच्या दुरुस्तीस दिलेली रक्कम, देवाच्या टाक्यांतील गाळ काढण्याची मजुरी, या नोंदी खर्चाच्या याद्यांत विखुरलेल्या असतात. पाणपोई बहुधा वाटेवर असे. म्हणजे पाण्याबरोबर जुन्या वाटेचाही पत्ता लागतो.

पांचवें साधन छापील. कॅम्बेल यांच्या संपादकत्वाखालीं निघालेल्या जिल्हावार गॅझेटियरांत किल्ले, घांट व तळीं यांचीं वर्णनें आहेत; आणि भारतीय सर्वेक्षण खात्याच्या नकाशांत विहिरी, झरे व बारमाही पाणी यांच्या वेगवेगळ्या खुणा आहेत. परंतु मैलास एक इंच या प्रमाणावर चार हात लांबीचें टाकें दाखविण्यास जागाच नाहीं. म्हणून हे नकाशे पाया म्हणून घ्यावे आणि वरील चार साधनांनीं ते भरावे.

शेवटीं वाड्यांचीं व शेतांचीं नांवें. झरा, टाकें, पाण, डोह हे शब्द ज्या नांवांत आहेत तेथें शोध घेणें योग्य. मात्र नांवावरून पाणी सिद्ध होत नाहीं. नांव टिकतें आणि झरा आटतो, असें पुष्कळदां घडतें.

( ५ )

येथें अशी शंका निघेल कीं, आज आकाशांतील उपग्रह आग पाहतात, मग जुन्या कागदांचें प्रयोजन काय? शंका रास्त आहे. डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था इ. स. २००४ पासून उपग्रहांच्या साह्यानें रानांतील आगीचीं ठिकाणें हुडकून तीं राज्यांच्या वनखात्यांस कळवीत आली आहे. त्यांतील एका उपकरणाच्या दृष्टीचा चौकोन सुमारें ३७५ मीटर बाजूचा आहे. आग तापलेली असते, म्हणून ती इतक्या दुरून उमटते. परंतु करवंदीच्या जाळींत दडलेलें, कपारीच्या सांवलींतलें थंड पाणी त्या दृष्टीस दिसत नाहीं. म्हणजे आग कोठें आहे हें आकाशांतून कळतें, पाणी कोठें आहे हें मात्र जमिनीवरच शोधावें लागतें. आगीची वर्दी लवकर येऊं लागल्यामुळें पाण्याच्या माहितीची गरज कमी न होतां उलट वाढली आहे.

दुसरी शंका अशी कीं, वणवा पाण्यानें विझतच नाहीं; लोक हिरव्या डहाळ्यांनीं झोडपून तो विझवितात, आणि वनखातें जाळरेषा काढून त्यास अडवितें. हेंही खरें आहे. तथापि झोडपणारांस पिण्यास पाणी लागतें; एकदां दबलेला ओंडका रात्रीं पुन्हा धुमसूं नये म्हणून त्यावर पाणी ओतावें लागतें; गंजीचें व गोठ्याचें छप्पर आग येण्यापूर्वीं भिजवावें लागतें; आणि पाठीवरच्या फवाऱ्याच्या डब्यास तर पाण्यावांचून गत्यंतर नाहीं. या कामांस नदीचा पूर लागत नाहीं. सहा हात लांब, चार हात रुंद व तीन हात खोल असें लहानसें टाकें भरलेलें असेल तर त्यांत सुमारें ६,९०० लिटर पाणी असतें. सोळा लिटरचा पाठीवरचा डबा त्यांतून चारशेंहून अधिक वेळां भरतां येईल. एका वाडीच्या रक्षणास एवढें पाणी थोडें नव्हे.

परदेशांत ज्यांस या आगींचा कटु अनुभव आला त्यांनीं हाच मार्ग धरला आहे. फ्रान्सच्या नैर्ऋत्येस लांद नांवाचा सूचिपर्णी वृक्षांचा अफाट प्रदेश आहे. तेथें इ. स. १९४९ च्या ऑगस्टांतील आगींत ८२ माणसें मेलीं. त्या देशाच्या दक्षिण भागांतील रानांतून आगीसाठीं राखलेले हौद व पाण्याच्या जागा आज क्रमांकित नकाशावर दाखविलेल्या असतात. ऑस्ट्रेलियांतील न्यू साऊथ वेल्स प्रांतांत ज्या घराजवळ टाकी, तळें किंवा हौद आहे, त्याच्या दाराशीं तशी खूण असलेली पाटी लावण्याची चाल आहे. परका बंबवाला आला तरी त्यास पाणी विचारीत हिंडावें लागत नाहीं. आपल्याकडे पाणी आहे, त्याच्या नोंदीही आहेत. त्या दोहोंस जोडणारी पाटी तेवढी नाहीं.

( ६ )

हें काम कसें करावें, याविषयीं आमची सूचना अशी आहे. प्रत्येक संग्राहकानें आपल्या संग्रहांतील एकाच तर्फेचे किंवा एकाच किल्ल्याच्या घेऱ्याचे कागद आधीं घ्यावे. त्यांतील पाण्याचा प्रत्येक उल्लेख एका कोष्टकांत उतरावा. कोष्टकांत पुढील रकाने असावे : गांव व वाडी, पाण्याचें जुनें नांव व आजचें नांव, प्रकार, म्हणजे टाकें, विहीर, बारव, झरा, डोह, तळें किंवा बंधारा, ज्या कागदांत उल्लेख आला त्याची मिति व स्वरूप, प्रत्यक्ष पाहणीची तारीख, चैत्र-वैशाखांतील पाण्याची खोली, लांबी-रुंदी, उतरण्यास पायऱ्या आहेत कीं दोर लागतो, गाडी कोठपर्यंत जाते, वस्तीपासून व गवताच्या पड्यापासून चालण्यास लागणारा वेळ. यांपैकीं पहिले चार रकाने कागदावरून भरतील. उरलेले भरण्यास उन्हाळ्यांतच जाऊन पाहिलें पाहिजे. श्रावणांत सर्वच टाकीं भरलेलीं असतात. त्या वेळच्या पाहणीचा या कामीं उपयोग नाहीं.

याबरोबर तीन गोष्टींचें अवधान राखणें जरूर आहे.

पहिली गोष्ट, टाक्यांतील गाळ. पाणी वाढावें म्हणून उत्साही मंडळी टाकीं उपसूं लागतात. त्या गाळांत मृत्पात्रें, नाणीं, मूर्तींचे तुकडे असूं शकतात, आणि कडेच्या खडकावर अक्षरें असूं शकतात. इ. स. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यानें जीं स्थळें संरक्षित आहेत तेथें परवानगीवांचून कुदळ लावतां येत नाहीं. जीं संरक्षित नाहींत तेथें तर अधिकच जपलें पाहिजे. कारण तेथें आपल्याशिवाय दुसरा राखणदार नाहीं. आग विझविण्याच्या तयारींत शिलालेख विझूं देणें हा संशोधकाचा धर्म नव्हे.

दुसरी गोष्ट, रानांतील जनावरें. उन्हाळ्यांत हीं टाकींच त्यांचे पाणवठे असतात. नकाशा झाला म्हणून पंप लावून तीं कोरडीं करणें म्हणजे एका संकटासाठीं दुसरें ओढवून घेणें होय. किती पाणी काढावें व किती ठेवावें, हें कोष्टकांतच लिहून ठेवावें.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जुन्या कागदांतील पाणी हें पुष्कळदां कोणाचें तरी पाणी आहे. कोणत्या जातीनें कोठें भरावें आणि कोणी भरूं नये, याच्याही खुणा त्यांत आहेत. त्या लपविणें हा इतिहासाशीं अप्रामाणिकपणा होईल. परंतु आजच्या नकाशावर त्या हक्क म्हणून उतरविणें हा अधर्म होईल. या प्रदेशांतच महाडचें चवदार तळें आहे. तेथील नगरपालिकेनें इ. स. १९२४ मध्यें तें सर्वांस खुलें असल्याचा ठराव केला. तरी प्रत्यक्ष पाणी घेण्यास २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर यांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह करावा लागला, आणि नंतर कोर्टदरबार होऊन इ. स. १९३७ मध्यें मुंबईच्या हायकोर्टाचा निकाल त्यांच्या बाजूनें लागला. स्पृश्यांसाठींच तें तळें राखलेलें असल्याची अनादि वहिवाट वादींस शाबीत करतां आली नाहीं, असें त्या निकालाचें एक प्रमुख अंग आहे. पाण्याचा इतिहास हा नुसता कुतूहलाचा विषय नसून माणसांच्या हक्काचा विषय होतो, हें संशोधकानें त्या खटल्यावरून शिकावें. वणव्याच्या नकाशावरचें प्रत्येक पाणी हें सर्वांचें पाणी, ही अट ज्यास मान्य नसेल त्यानें हें काम हातीं न घेणेंच बरें.

( ७ )

तयार झालेला नकाशा कोठें ठेवावा, हाही प्रश्न आहे. तो केवळ मंडळांच्या कपाटांत राहिला तर रुमालांतून कपाटांत एवढाच त्याचा प्रवास होईल. त्याची एक प्रत ग्रामपंचायतींत, एक वनरक्षकाच्या चौकींत, एक शाळेंत भिंतीवर आणि एक गांवांतील जाणत्या माणसाच्या घरीं असावी. इ. स. १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या ७९ व्या कलमान्वयें रानांत हक्क असणारांवर आगीची वर्दी देण्याचें व ती विझविण्यास साह्य करण्याचें बंधन आहे. बंधन आहे तेथें साधनही असलें पाहिजे. आणि पाणी कोठें आहे हें सांगणारा कागद हें त्यांतील अगदीं स्वस्त साधन होय.

आपल्या ज्या पूर्वसूरींनीं गांवोगांव हिंडून दप्तरें मिळविलीं, त्यांनीं तीं राज्यांच्या व घराण्यांच्या इतिहासासाठीं मिळविलीं. त्या इतिहासाचें काम अजून संपलेलें नाहीं, संपणारही नाहीं. परंतु ज्या गांवांनीं ते कागद पिढ्यान्‌पिढ्या वाळवीपासून जपून अखेर आपल्या स्वाधीन केले, त्या गांवांचें ऋण आपल्यावर आहे. तारखांचे वाद मिटविल्यानें तें फिटत नाहीं. ज्या कागदांत त्या गांवाचा झरा, त्याची बारव आणि त्याचें टाकें लिहिलेलें आहे, तो कागद पुढच्या माघापूर्वीं वाचून त्या गांवास परत सांगणें, हा तें ऋण फेडण्याचा एक सरळ मार्ग आहे. एका तर्फेचें कोष्टक पुरें करण्यास एक उन्हाळा पुरतो. ज्यांच्याजवळ घेऱ्यांतील गांवांचे कागद आहेत अशा संग्राहकांनीं तें आपल्या हातानें भरून प्रसिद्धीस द्यावें, अशी आमची सर्वांस विनंति आहे.